टिपून घेणारा हात : ज्योतिरिंद्रनाथ टागोर यांची व्यक्तिचित्रे

५ मे १८८९ या दिवशी पूर्व बंगालात, शिलाईदहजवळ पद्मा नदीवर, टागोर घराण्याच्या राहत्या बोटीत एक वृद्ध फकीर बसले होते. त्यांच्यासमोर बसलेला जमीनदार घराण्यातील एक गृहस्थ शिसपेन्सिलीने त्यांचे चित्र काढत होता. फकीर म्हणजे बाउल परंपरेतील थोर गीतकार लालन. चित्र काढणारे होते ज्योतिरिंद्रनाथ टागोर, रवींद्रनाथांचे थोरले बंधू. आदल्याच दिवशी त्यांनी वयाची चाळीस वर्षे पूर्ण केली होती. पुढच्या वर्षी, १७ ऑक्टोबर १८९० रोजी, लालन वारले. त्यांना प्रत्यक्ष समोर बसवून काढलेले असे एकच चित्र आज आपल्याजवळ आहे, आणि ते या बैठकीतले आहे.

ज्याच्या गीतांवर दोन देश आपला हक्क सांगतात, त्या कवीचा चेहरा आपल्यापर्यंत पोचला तो कुणा व्यावसायिक चित्रकारामुळे नव्हे, तर एका हौशी माणसाच्या वहीमुळे. ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून द्यावी, की तिच्यातून काही शिकण्यासारखे आहे, असा प्रश्न आम्हांला पडला. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा माग काढण्याचा प्रयत्न केला आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. आम्ही मराठी साहित्य शिकवतो. चित्रकला हा आमचा अध्यापनाचा विषय नाही. परंतु आपल्या भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. पोर्ट्रेट या चित्रप्रकाराला आपण ‘व्यक्तिचित्र’ म्हणतो आणि ‘माणदेशी माणसं’ (१९४९) किंवा ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) या पुस्तकांतील लेखनालाही ‘व्यक्तिचित्रे’च म्हणतो. शब्द एकच असल्यामुळे वर्गात व्यक्तिचित्र शिकवताना आपण नकळत चित्रकाराच्या परिभाषेत बोलू लागतो : रेषा ठसठशीत आहेत, रंग भडक झाले आहेत, माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. माणूस डोळ्यांसमोर ‘उभा राहणे’ म्हणजे नेमके काय होते, हे मात्र क्वचितच तपासले जाते. ज्योतिरिंद्रनाथांची वही त्या तपासणीस फार उपयोगी आहे, असे आमचे मत आहे.

अनेक छंदांचा माणूस

ज्योतिरिंद्रनाथ (१८४९–१९२५) हे देवेंद्रनाथांचे पाचवे पुत्र. रवींद्रनाथांहून ते बारा वर्षांनी मोठे. रवींद्रनाथांच्या आठवणींचे पुस्तक ज्यांनी वाचले आहे, त्यांना पियानोवर नवनव्या चाली रचणारे आणि त्यांत शब्द बसवायला धाकट्या भावाला बसवून घेणारे ‘ज्योतिदादा’ आठवतील. त्यांच्या उद्योगांची नुसती यादी केली तरी दम लागतो. ‘पुरुविक्रम’ (१८७४), ‘सरोजिनी’ (१८७५), ‘अश्रुमती’ (१८७९) ही नाटके त्यांची. १८७७ साली निघालेल्या ‘भारती’ मासिकामागील प्रेरणा त्यांची. नीळ आणि ताग यांचे व्यापार त्यांनी करून पाहिले. १८८४ साली ‘सरोजिनी’ नाटकाची आठवण करून देणाऱ्या ‘सरोजिनी’ नावाच्याच आगबोटीसह जलवाहतुकीचा धंदा सुरू केला आणि गोऱ्या कंपनीशी स्पर्धा करताना उतारूंचे भाडे उतरवता उतरवता, वर त्यांना खाऊपिऊ घालता घालता, ते स्वतः बुडाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी कादंबरीदेवी यांनी आत्महत्या केली.

अशा माणसाविषयी चरित्रकार सामान्यतः एक वाक्य लिहून मोकळे होतात : प्रतिभा अफाट होती, पण ती विखुरली गेली. त्यांच्या सावलीत वाढलेला धाकटा भाऊ जगन्मान्य झाल्यामुळे हे वाक्य अधिकच पक्के झाले. मराठीत यासाठी ‘छांदिष्ट’ असा शब्द आहे, आणि त्यात कौतुकापेक्षा कीवच जास्त असते. ‘हौशी’ या शब्दाचीही तीच तऱ्हा. हौशी रंगभूमी म्हटले की तालमीत उशिरा येणारी मंडळी आणि पाठ नसलेले संवाद आपल्या मनात येतात. हौस म्हणजे निष्ठेचा अभाव, असे आपण गृहीत धरतो.

ज्योतिरिंद्रनाथांच्या बाबतीत मात्र हे गृहीतक टिकत नाही. व्यापार आले आणि गेले, नाटकांचे दिवस संपले, घर उजाडले, कोलकाता सुटले. एक गोष्ट सुटली नाही. समोर आलेल्या माणसाला बसवून त्याचे डोके आणि चेहरा पेन्सिलीने कागदावर उतरवायचे, हे काम ते दशकानुदशके करत राहिले. त्यांची रेखाटने सुमारे २००० भरतात आणि त्यांतील बहुतांश कोलकात्यात रवींद्रभारतीच्या संग्रहात आहेत. घरातल्या स्त्रिया, भाऊ, भाचे, पुतणे, स्नेही, पाहुणे असा हा मेळा आहे. रवींद्रनाथांचे चेहरे तर निरनिराळ्या वयांतले आहेत. ही चित्रे कुणी पैसे देऊन काढवून घेतली नव्हती, आणि ती विकलीही जायची नव्हती.

मराठीशी जडलेले नाते

या सवयीचा उगम पाहू गेल्यास आपण आपल्याच प्रांताच्या जवळ येतो. ज्योतिरिंद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये निवडले गेलेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची सारी नोकरी मुंबई इलाख्यात झाली. मराठी भाषेशी त्यांचा इतका स्नेह जमला की त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. १८६७ साली सत्येंद्रनाथ अहमदाबादला असताना अठरा वर्षांचे ज्योतिरिंद्रनाथ त्यांच्याकडे राहायला आले. तेथे ते सतार शिकले आणि चित्रे काढायला शिकले. फ्रेंच आणि मराठी या दोन्ही भाषांवरही त्यांनी प्रभुत्व मिळवले.

चित्रकला, सतार, फ्रेंच आणि मराठी ही चौकडी वरवर विसंगत वाटते. पुढे तिच्यातून काय निघाले ते पाहिले म्हणजे तिचे सूत्र ध्यानात येते. फ्रेंचमधून त्यांनी मोलिएरची प्रहसने बंगालीत आणली. संस्कृतमधून ‘शाकुंतल’, ‘मृच्छकटिक’ यांसारखी अनेक नाटके आणली. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मराठीत लिहिलेल्या झाशीच्या राणीच्या चरित्राच्या आधारे त्यांनी बंगाली वाचकाला लक्ष्मीबाई दिली. गाणी हवेत विरून जाऊ नयेत म्हणून त्यांनी बंगाली स्वरलिपीची एक सुटसुटीत पद्धत घडवली. ‘स्वरलिपि-गीतिमाला’ हा त्यांचा ग्रंथ १८९७ सालचा. चेहरे ते वहीत उतरवत होतेच.

भाषांतर, स्वरलेखन आणि व्यक्तिचित्र या तिन्ही कामांत हाताची जात एकच आहे. तिन्हींत आपल्या बाहेरचे, दुसऱ्याचे काहीतरी समोर असते आणि ते शक्य तेवढे बिघडू न देता टिपून घ्यायचे असते. टिपणाऱ्याला स्वतःचा सूर लावण्याचा मोह आवरावा लागतो. विखुरलेल्या प्रतिभेचा शिक्का ज्यांच्यावर बसला, त्या ज्योतिरिंद्रनाथांच्या उद्योगांत एवढी एकसूत्रता दिसते, ती आम्हांला महत्त्वाची वाटते. ते प्रामुख्याने टिपून घेणारे होते.

खोटे शास्त्र, खरी नजर

माणसांची डोकी काढण्याची ओढ त्यांना लागली, यामागे एक चमत्कारिक कारण होते. त्या काळी फ्रेनॉलॉजी नावाच्या शास्त्राचा मोठा बोलबाला होता. मराठीत तिला मस्तकसामुद्रिक म्हणता येईल. फ्रान्झ योसेफ गाल (१७५८–१८२८) या व्हिएन्नात वैद्यकी करणाऱ्या डॉक्टराने असे प्रतिपादन केले होते की मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे मनोगुण वास करतात, जो गुण प्रबळ त्याचा भाग मोठा आणि तेथे कवटीला उंचवटा. म्हणजे डोक्याचा आकार नीट पाहिला की माणसाचा स्वभाव वाचता येतो. एडिंबरोच्या जॉर्ज कूम यांच्या १८२८ सालच्या पुस्तकाने हा विचार इंग्रजी जाणणाऱ्या जगात घरोघरी नेला. ज्योतिरिंद्रनाथांना या विद्येचा नाद होता. १८८५ साली घरातूनच निघालेल्या ‘बालक’ मासिकात त्यांनी या विषयावर लेखनही केले.

हे शास्त्र खोटे होते. कवटीच्या बाहेरच्या उंचवट्यांचा स्वभावाशी काही संबंध नसतो. ते निरुपद्रवीही नव्हते. १८३३ साली मध्य भारतात फाशी दिलेल्या ठगांपैकी सात जणांच्या कवट्या एका इंग्रज डॉक्टराने एडिंबरोच्या मस्तकसामुद्रिक मंडळाकडे पाठवल्या होत्या, ठगांच्या डोक्यांत गुन्हेगारी कोठे दडली आहे ते मोजून पाहण्यासाठी. जित लोकांची डोकी मोजून त्यांना खालच्या पायरीवर बसवण्याच्या कामी ही विद्या सर्रास वापरली गेली.

मग ज्योतिरिंद्रनाथांच्या वहीचे मूल्य काय, असे कुणी विचारील. आमच्या मते उत्तर त्यांच्या कामाच्या रीतीत आहे. मस्तकसामुद्रिकाला डोक्याचा आकार अचूक हवा असतो, म्हणून चित्र बहुधा बाजूने काढायचे. चित्रकार ज्याला प्रोफाइल म्हणतात तसा चेहरा. कपाळ कोठे वळते, नाकाचे मूळ किती खोल, ओठ आणि हनुवटी यांच्यात किती अंतर, कानाची जागा डोळ्याच्या मानाने कोठे, मागची कवटी मानेला कोठे मिळते, हे सगळे एकाच बाह्यरेषेत येते. ती रेषा एखाद्या केसाइतकी सरकली तरी माणूस बदलतो. ज्याने कधी कुणाला समोर बसवून चित्र काढले आहे, त्याला हा अनुभव असेल. नवशिक्याची पहिली चूक ठरलेली असते : डोळे, नाक, तोंड आपल्याला महत्त्वाचे वाटतात म्हणून ती मोठी होतात, आणि कपाळ व डोक्याचा मागचा भाग चेपला जातो. आपण पाहतो त्यापेक्षा आपल्याला ठाऊक असलेलेच अधिक काढतो. डोक्याच्या संपूर्ण घडणीकडे लक्ष द्यायला भाग पाडणाऱ्या त्या खोट्या शास्त्राने ज्योतिरिंद्रनाथांची ही चूक सुधारली, असे म्हणता येईल.

बाजूच्या चेहऱ्याचा आणखी एक फायदा आहे. बसणाऱ्या व्यक्तीला चित्रकाराच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. ती आपल्या विचारांत जाऊ शकते. एकोणिसाव्या शतकातील बंगाली घरातल्या एखाद्या स्त्रीला कुणाच्या नजरेसमोर अर्धा तास निश्चल बसणे किती अवघड असेल याची कल्पना केली, म्हणजे या रीतीतील सौजन्य कळते. त्यांच्या स्त्रियांच्या रेखाटनांत जो निवांतपणा आहे, तो या सौजन्यातून आला असावा. तेथे दागिने आणि पदर हलक्या हाताने सूचित केलेले असतात. सारा भार चेहऱ्यावर असतो.

ठगांच्या कवट्या आणि ही वही यांतला फरक येथेच आहे. कवट्या मोजणाऱ्याला एका माणसातून ‘जात’ किंवा ‘वर्ग’ काढायचा होता. ज्योतिरिंद्रनाथ मात्र एकेका जिवंत माणसासमोर बसत होते आणि त्याचे नाव व दिवस नोंदवत होते. सिद्धान्त सामान्य नियम शोधत होता, पेन्सिल मात्र प्रत्येक वेळी एकाच विशिष्ट माणसापाशी येऊन थांबत होती. दोन हजार डोकी काढल्यावर हाती काय लागले असेल तर एवढेच, की कोणतेही डोके दुसऱ्यासारखे नाही.

बोटीवरची बैठक

आता पद्मेवरच्या त्या बोटीकडे परत जाऊ. लालन फकीर राहत ते कुष्टियाजवळचे छेउडिया हे गाव टागोरांच्या जमीनदारीच्या मुलखातले. लालन हिंदू की मुसलमान, हा प्रश्न त्यांना हयातीत विचारला जाई आणि आजही विचारला जातो. त्यांनी त्याचे उत्तर देण्याचे नाकारले. जातिपातीची खूण माणसाच्या अंगावर कोठे असते, असा उलट प्रश्न त्यांच्या गीतांमधून पुन्हा पुन्हा येतो. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले काही मागे राहिले नाही; गीते शिष्यांच्या मुखातून आणि वह्यांतून आली. ते वारले तेव्हा ‘हितकरी’ या पत्राने त्यांचे वय ११६ दिले होते.

माणसाच्या अंगावर जातीची खूण नसते असे आयुष्यभर गाणारा फकीर, आणि माणसाच्या डोक्यावर त्याच्या स्वभावाच्या खुणा शोधणारा जमीनदार, असे दोघे त्या दिवशी समोरासमोर होते. यापेक्षा नाट्यपूर्ण प्रसंग कादंबरीकाराला सुचणे कठीण. गौतम घोष यांनी सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवरून २०१० साली काढलेल्या ‘मनेर मानुष’ या चित्रपटात या बैठकीचाच चौकटीसारखा उपयोग केला आहे, याचे म्हणूनच नवल वाटत नाही.

प्रत्यक्ष चित्रात मात्र काही नाट्य नाही. एक अतिशय वृद्ध माणूस बाजूने दिसतो. पाठ वाकलेली आहे, दाढी आहे, शरीर थकलेले आहे. तो गात नाही, उपदेश करत नाही, आपल्याकडे पाहतही नाही. तो सिद्धपुरुष आहे हे सांगणारी कोणतीही खूण चित्रकाराने घातलेली नाही. जमीनदाराने रयतेकडे पाहावे तशी वरून पडलेली नजरही तेथे जाणवत नाही. मस्तकसामुद्रिक बाजूला पडले आहे, संतचरित्रही बाजूला पडले आहे. उरला आहे तो एका वैशाखातल्या दिवशी बोटीत बसलेला म्हातारा.

या चित्राचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. लोकांच्या मनात जो लालन आहे, तो बहुतांशी या चित्रातला नाही. नंदलाल बोस यांनी कल्पनेने काढलेला, हाती एकतारी घेतलेला लालन अधिक लोकप्रिय झाला. ते चित्र थोर कलावंताचे आहे, त्यात लय आहे, भाव आहे. गीतांतून मनात उभा राहणारा लालन तसाच असायला हवा असे वाटते. परंतु नंदलालांनी लालनला कधी समोर बसवले नव्हते.

आपल्याकडे याला एक समांतर उदाहरण आहे, आणि ते अधिक बोलके आहे. तुकोबांना समोर बसवून कुणी काढलेले चित्र आपल्याजवळ नाही. १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला आणि विष्णुपंत पागनीसांचा चेहरा हाच घरोघरी तुकोबांचा चेहरा झाला. पागनीसांविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण क्षणभर अशी कल्पना करावी की देहूला इंद्रायणीच्या काठी सतराव्या शतकात एखादा छांदिष्ट कुळकर्णी बोरू घेऊन बसला असता आणि त्याने एका दुपारी त्या वाण्याचा बाजूचा चेहरा कागदावर उतरवला असता. ते चित्र कदाचित आपल्याला आवडलेही नसते. त्यात टाळ-चिपळ्या नसत्या, वर लागलेली दृष्टी नसती; दुष्काळाने ओढलेले गाल मात्र असते. भक्ताला हवा असलेला चेहरा आणि प्रत्यक्षात असलेला चेहरा यांतले अंतर मोजायला आपल्यापाशी आज काही साधन नाही. बंगालपाशी ते आहे, ते एका हौशी माणसाच्या वहीमुळे.

रोथेन्स्टाइन यांची पारख

या वहीची खरी पारख केली ती एका परदेशी चित्रकाराने. विल्यम रोथेन्स्टाइन (१८७२–१९४५) १९१०–११ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात आले होते. अजिंठ्याची लेणी त्यांनी पाहिली. कोलकात्यात जोडासाँको येथील टागोरवाड्यात अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ यांना भेटायला गेले असता तेथे शांत बसून राहणाऱ्या त्यांच्या काकांच्या चेहऱ्याने ते वेधले गेले आणि त्यांनी चित्र काढण्याची परवानगी मागितली. ते काका म्हणजे रवींद्रनाथ. ते कवी आहेत हे रोथेन्स्टाइन यांना नंतर कळले. पुढे १९१२ साली लंडनमध्ये ‘गीतांजली’ला वाचक मिळवून देण्यात त्यांचा केवढा वाटा होता हे सर्वश्रुत आहे, ते पुस्तक त्यांनाच अर्पण केलेले आहे. त्यांनी ज्योतिरिंद्रनाथांसाठी काय केले ते मात्र फारसे आठवले जात नाही. १९१४ साली लंडनच्या हॅमरस्मिथ भागातील एमरी वॉकर यांच्या मुद्रणालयातून ज्योतिरिंद्रनाथांच्या २५ रेखाटनांचा कोलोटाइप पद्धतीने छापलेला संच निघाला, त्यामागे रोथेन्स्टाइन होते. प्रस्तावना त्यांचीच होती, आणि तीत या चित्रांतील सौंदर्याची व माणूस ओळखण्याच्या शक्तीची त्यांनी मुक्तकंठाने वाखाणणी केली. तेव्हा ज्योतिरिंद्रनाथ ६५ वर्षांचे होते.

रोथेन्स्टाइन यांनाच हे का दिसले, याचे उत्तर त्यांच्या घडणीत आहे. ते लंडनच्या स्लेड कलाशाळेत आल्फोन्स लग्रो यांच्या हाताखाली शिकले. लग्रो यांचा भर शुद्ध रेषेवर होता. नंतर पॅरिसमध्ये रोथेन्स्टाइन यांचा देगा यांच्याशी परिचय झाला. देगा यांनी तरुणपणी वृद्ध अँग्र यांची भेट घेतली होती आणि रेषा काढत राहा हा त्यांचा उपदेश जन्मभर जपला होता. या अँग्र यांची कथा आपल्या विषयाशी फार जवळची आहे. १८१५ साली नेपोलियनचा पाडाव झाल्यावर रोममध्ये त्यांची मोठी कामे थांबली, तेव्हा तेथे येणाऱ्या प्रवाशांची पेन्सिलीने व्यक्तिचित्रे काढून त्यांनी पोट भरले. इतिहासचित्रे काढणाऱ्या आपल्यासारख्याला हे काम कमी दर्जाचे आहे असे त्यांना वाटे. काळाने निकाल उलटा दिला. ज्या मोठ्या ऐतिहासिक चित्रांवर त्यांची भिस्त होती त्यांपेक्षा ही लहान चित्रेच आज अनेकांना अधिक प्रिय आहेत. त्याहीमागे गेलो तर आठव्या हेन्रीच्या दरबारातील स्त्रीपुरुषांचे चेहरे रंगीत खडूंनी टिपणारे होल्बाइन भेटतात. विंडसरच्या राजसंग्रहातील ती ८० च्या आसपास रेखाटने म्हणजे या कलेचा मानदंडच समजला जातो. कपडे थोडक्यात, पार्श्वभूमी नाही, सारे लक्ष चेहऱ्याच्या रेषेवर, ही त्या परंपरेची शिस्त. रोथेन्स्टाइन स्वतः याच परंपरेत व्यक्तिचित्रे काढत होते. पद्मेकाठच्या एका वहीत तीच शिस्त पाहून आपला सगोत्री भेटल्यासारखे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

येथे एक कटू गोष्ट नोंदवणे प्राप्त आहे. ज्या घरात ही वही भरत होती त्याच घरात आधुनिक भारतीय चित्रकलेचा एक संप्रदाय जन्मत होता. पुतणे अवनींद्रनाथ आणि त्यांचे गुरुतुल्य स्नेही हॅवेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विलायती पद्धतीच्या हुबेहूब चित्रणाविरुद्ध झेंडा उभारला. चित्र बाह्य रूपाचे नको, भावाचे हवे, असा त्यांचा आग्रह होता. वसाहतीच्या कलाशाळांतून जे यांत्रिक अनुकरण चालले होते त्याविरुद्ध ही बंडखोरी आवश्यकही होती. परंतु त्या वादात ज्योतिरिंद्रनाथांची चित्रे कुठल्याच बाजूला बसली नाहीत. कलाशाळेतील तैलचित्रकारांच्या दृष्टीने ते हौशी होते. नव्या संप्रदायाच्या दृष्टीने त्यांची कला केवळ सादृश्याची होती. ‘सादृश्य’ हे आपल्या परंपरेने चित्राच्या षडंगांत गणलेले एक अंग आहे, आणि अवनींद्रनाथांनी षडंगांवर आस्थेने लिहिलेही आहे. काकांच्या वहीत ते अंग किती परिपक्व झाले होते, हे मात्र कलेच्या इतिहासात ठळकपणे आले नाही. इतिहास संप्रदायांचा लिहिला जातो, आणि ज्याचा संप्रदाय नाही तो तळटीपेत जातो. साहित्याच्या इतिहासातही आपण याहून वेगळे वागत नाही.

दोन भाऊ, दोन वह्या

धाकट्या भावानेही उतारवयात चित्रे काढली. कवितेच्या हस्तलिखितातील खाडाखोडीला आकार देता देता रवींद्रनाथ चित्रांकडे वळले, आणि १९३० च्या मे महिन्यात पॅरिसच्या पिगाल दालनात त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. त्यांच्याही चित्रांत चेहरे पुष्कळ आहेत. पण ते चेहरे कुणाला समोर बसवून आलेले नाहीत; ते आतून, अंधारातून वर आल्यासारखे वाटतात. त्यांना नावे नाहीत. दोघेही भाऊ या कलेत हौशीच, दोघांचीही चित्रसंख्या हजारांत मोजावी अशी, आणि तरी दिशा पूर्ण विरुद्ध. एक भाऊ बाहेरच्या माणसाकडे पाहत राहिला, दुसरा आपल्या आत. आधुनिक कलेचा कौल दुसऱ्याच्या बाजूने पडला, आणि तो रास्तही आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने पहिल्याचीही बाजू समजून घ्यायला हवी, असे आम्हांला आग्रहाने म्हणावेसे वाटते. आत्माविष्काराला आपण इतके सर्वोच्च स्थान दिले आहे की दुसऱ्याकडे नीट पाहणे हीदेखील एक प्रतिभा आहे, याचा विसर पडतो. विद्यार्थी व्यक्तिचित्र लिहायला बसतो आणि आजीविषयी लिहिता लिहिता स्वतःच्या भावनांविषयी लिहू लागतो. आजीचा हात कसा होता, बोलताना ती कोठे थांबे, हे विचारले की गप्प होतो. ज्ञात भावनेखाली पाहिलेली वस्तू चेपली जाते. नवशिक्या चित्रकाराच्या कागदावर कपाळ चेपले जाते, तशीच.

१९०८ साली ज्योतिरिंद्रनाथ राँचीला गेले आणि मोराबादी टेकडीवर घर बांधून राहिले. तेथेच ४ मार्च १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्या टेकडीवर, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी एक अवजड काम अंगावर घेतले. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ त्यांनी मराठीतून बंगालीत आणला. १९२४ साली, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, तो अनुवाद प्रकाशित झाला. अहमदाबादेत एका तरुणाने चित्रकलेबरोबरच हस्तगत केलेली भाषा जवळपास सहा दशकांनी अशी फळाला आली.

टिळकांचे गद्य ज्यांनी वाचले आहे त्यांना ते दुसऱ्या भाषेत नेणे म्हणजे काय, याची कल्पना येईल. लांब वाक्ये, पूर्वपक्ष-उत्तरपक्षांची गुंतवळ, मध्येच येणारा रोखठोक मराठी ठसका. अनुवादकाला येथे स्वतःचे काही सांगायचे नसते. समोरच्या ग्रंथाचे कपाळ कोठे वळते, हनुवटी कोठे संपते, तेवढेच त्याने पाहायचे. दोन हजार डोकी काढलेल्या हाताला हे काम परके वाटले नसेल. लालनच्या चित्राला आणि ‘गीतारहस्या’च्या त्या बंगाली अवताराला आपण सहसा एकत्र ठेवत नाही, ती दोन्ही एकाच माणसाने दुसऱ्यासमोर नम्रपणे बसून केलेली कामे आहेत. बंगाल आणि महाराष्ट्र या दोन प्रांतांच्या वाचकांनी त्यांचे ऋण मानायला हवे. आपल्यापुरते बोलायचे तर, पुढच्या वर्षी वर्गात ‘व्यक्तिचित्र’ हा वाङ्मयप्रकार शिकवताना पहिल्या तासाला कोणतेही पुस्तक न उघडता पद्मेवरच्या बोटीतला तो वाकलेला म्हातारा मुलांपुढे ठेवावा आणि काय दिसते तेवढेच लिहा म्हणून सांगावे, असे आम्ही ठरवले आहे.